दान नव्हे, ऋणफेड

राज्यकर्त्यांच्या जमाखर्चात काही रकमा अशा असतात की, त्या कापल्याने तिजोरीला काहीच जाणवत नाही. पण ज्याच्या पानातून त्या उचलल्या जातात त्याचे ताटच रिकामे होते. अमेरिकेच्या काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्यासाठी आधीच मंजूर करून ठेवलेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले, ती रक्कम या जातीची होती. धनिक देणगीदारांचे पाठबळ असलेल्या महानगरांतील केंद्रांना हा फटका सोसण्याजोगा होता. परंतु त्या देशाच्या उत्तर टोकास, अलास्कातील बर्फाळ मुलखात, एस्किमो आणि इतर आदिवासी समाजांच्या भाषांत बोलणारी जी लहान लहान केंद्रे अर्धशतक उभी आहेत त्यांच्या पायाखालची जमीनच काढून घेण्यात आली. या कृत्याला काटकसर म्हणण्यात येते. आम्ही त्यास कर्जबुडवेपणा म्हणतो, आणि तसे का म्हणतो हे सांगण्यासाठीच आजचा हा प्रपंच आहे.

गोमंतकातील देवळांच्या छायेत, बेळगावच्या सीमेवर, किंवा इंदूर-बडोद्याच्या जुन्या वाड्यांत बसून हा अंक वाचणाऱ्यांस 'अलास्काशी आमचे काय देणेघेणे?' असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, प्रश्न अलास्काचा असला तरी त्याचे मूळ सूत्र आपल्या ओळखीचे आहे. मोठ्या राज्याच्या कडेला राहणारे, राजधानीहून निराळी भाषा बोलणारे, संख्येने थोडे असे जे लोक असतात त्यांना त्यांच्या भाषेत चार शब्द ऐकू यावेत यासाठी सर्वांच्या खजिन्यातून खर्च करावा की नाही? आणि केला तर तो उपकार समजावा की कर्तव्य? कडेला राहण्याचा अर्थ ज्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, त्यांनी तरी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये.

प्रथम त्या मुलखाचे स्वरूप ध्यानात घ्यावे. अलास्काचे क्षेत्रफळ साडेपाच महाराष्ट्रांएवढे, आणि लोकसंख्या मात्र गोव्याच्या निम्मी, म्हणजे सव्वासात-साडेसात लाख. त्यातही अर्ध्याहून अधिक वस्ती अँकरेज शहर आणि त्याच्या आसपासची. उरलेल्या अफाट प्रदेशातील बहुतेक खेड्यांस सडक नाही. युकॉन व कस्कोक्विम या दोन महानद्यांच्या मुखाशी जो दलदलीचा त्रिभुज प्रदेश आहे, तेथे पन्नासाहून अधिक खेडी विखुरलेली आहेत. त्यांचे मुख्य गाव बेथेल. वस्ती साडेसहा हजारांच्या आतबाहेर. अँकरेजपासून ते सुमारे ६४० किलोमीटर दूर, आणि तेथे जायचे तर विमानाने. उन्हाळ्यात नदी हाच रस्ता. हिवाळ्यात तीच नदी गोठली की तिच्यावरून मोटारी धावतात. बर्फ किती जाड झाले, कोठे भेग पडली, कोठून जाऊ नये, ही माहिती तेथे बातमी नसून प्राणरक्षणाचे साधन असते. या प्रदेशातील बहुसंख्य लोक युपिक समाजाचे आहेत, आणि अनेक घरांतील वृद्धांस आजही युपिक भाषाच जवळची आहे.

अशा मुलखात १९७१ साली बेथेल येथे 'के-वाय-यू-के' या नावाचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. तेथील रहिवाशांच्याच संस्थेने चालविलेले हे केंद्र. देशातील आदिवासींच्या मालकीच्या सार्वजनिक केंद्रांत त्याचा मान पहिला समजला जातो. पुढे त्यास दूरचित्रवाणीचीही जोड मिळाली. त्याच दशकात कॉट्झब्यू येथे आणि देशाच्या अगदी उत्तर टोकाच्या बॅरो गावी, ज्याचे आजचे नाव उत्कियाग्विक, इन्युपियाक लोकांसाठी केंद्रे उभी राहिली. हे शक्य झाले ते १९६७ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संमत केलेल्या सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या कायद्यामुळे. या कायद्याने एक स्वतंत्र महामंडळ निर्माण केले. सरकारने पैसा महामंडळास द्यावा, महामंडळाने तो गावोगावच्या केंद्रांस वाटावा, आणि कार्यक्रम काय असावेत हे केंद्रांनीच ठरवावे, अशी ती व्यवस्था होती.

ही केंद्रे करतात तरी काय? आपल्याकडे गावात पूर्वी दवंडी पिटली जाई. कोणाचे जनावर हरवले, पाटाला पाणी केव्हा सुटणार, साथ कोठे आली, हे सारे गावाला दवंडीने कळे. ही केंद्रे म्हणजे त्या हिमप्रदेशाची दवंडी होय. हवामान, नदीचे बर्फ, समुद्राची भरती, मासेमारीचा हंगाम केव्हा उघडणार व केव्हा मिटणार, शाळेच्या व ग्रामसभांच्या वार्ता, मृत्यूच्या वार्ता, एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यातील आप्तास पाठविलेले निरोप, हे सर्व त्यांतून जाते. आणि इंग्रजीबरोबर लोकांच्या भाषेतही जाते. बेथेलच्या केंद्रापाशी तर अनेक दशकांच्या ध्वनिफिती व चित्रफिती साठलेल्या आहेत. त्यांत आज हयात नसलेल्या वृद्धांनी युपिक भाषेत सांगितलेल्या कथा, शिकारीच्या व ऋतूंच्या खुणा, नृत्याचे व समारंभांचे विधी आहेत. ज्या समाजाचे बहुतेक ज्ञान मुखोद्गत, त्याच्या दृष्टीने अशा फितींची खोली हे ग्रंथालयही आहे आणि वंशावळीचा बाडही.

या इतिहासाचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो, तो आमच्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावा. ३० मे १९७४ रोजी अमेरिकेने 'ए.टी.एस.-६' नावाचा उपग्रह अंतराळात सोडला. त्याच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगांत अलास्कातील दुर्गम खेड्यांस शिक्षणाचे कार्यक्रम दाखविणे, आणि तेथील रुग्णांना शेकडो मैलांवरील डॉक्टरांच्या दृष्टीस आणून सल्ला मिळवून देणे, ही कामे होती. पुढल्याच वर्षी तो उपग्रह पूर्वेकडे हलविण्यात आला, आणि १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत त्याने भारतातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविले. विक्रम साराभाई यांच्या दूरदृष्टीतून साकारलेला 'साइट' या नावाचा प्रयोग तो हाच. कर्नाटक आणि आंध्र प्रदेश ही त्या सहा राज्यांपैकी दोन होत. म्हणजे युकॉनकाठच्या खेड्यास ज्याने आवाज दिला त्यानेच आमच्या दख्खनच्या खेड्यासही दिला. तेव्हा दोन्ही ठिकाणी विचार एकच होता: जेथे बाजार जात नाही तेथे राज्याने गेले पाहिजे.

उपग्रहाबरोबर आलेली प्रत्येक गोष्ट अलास्कास हितकारकच ठरली असे मात्र नव्हे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून खेड्याखेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचू लागली, आणि तिच्याबरोबर राजधानीची भाषा, राजधानीचे विनोद, राजधानीच्या जाहिराती घराघरांत शिरल्या. फेअरबँक्स येथे १९७२ साली अलास्कातील देशी भाषांच्या अभ्यासाचे केंद्र स्थापणारे भाषाशास्त्रज्ञ मायकेल क्राउस यांनी या दूरचित्रवाणीस संस्कृतीवर सोडलेल्या विषारी वायूची उपमा दिली होती. वेदना होत नाही, परंतु मरण अटळ. क्राउस यांचे म्हणणे आम्हांस अतिशयोक्त वाटत नाही. पण त्यांच्या निदानातून निघणारा उपाय कोणता? यंत्र फोडून टाकणे हा तो उपाय नव्हे. त्याच यंत्रातून आजीच्या भाषेत बोलणारा आवाज ऐकविणे हाच तो उपाय, आणि बेथेल, कॉट्झब्यू, बॅरो येथील केंद्रांनी तो नेमका केला. विषाबरोबर उताराही त्याच वाटेने पाठविला. आता विषाची वाट मोकळी ठेवून उतारा तेवढा बंद करण्याचा घाट घालण्यात आला आहे.

घडलेला प्रकार थोडक्यात असा. १ मे २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी राष्ट्रीय नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांवर पक्षपाताचा आरोप ठेवून त्यांचा निधी थांबविण्याचा आदेश काढला. त्यापाठोपाठ निधी परत घेण्याचे विधेयक आले. १६ जुलै रोजी सिनेटमध्ये त्यावर वाद चालू असताना अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यालगत, सँड पॉइंट गावाजवळ, ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामीचा इशारा निघाला, आणि किनाऱ्यावरील वस्त्यांस उंचावर जाण्यास सांगणाऱ्यांत तीच लहान सार्वजनिक केंद्रे होती, ज्यांचे अन्न त्याच वेळी काढून घेतले जात होते. सुदैवाने लाट मोठी आली नाही. निसर्गाने यापेक्षा स्पष्ट शब्दांत साक्ष ती काय द्यावी? परंतु सिनेटने ५१ विरुद्ध ४८ मतांनी विधेयक संमत केले. सत्ताधारी पक्षाच्याच असलेल्या अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी विरोधात मत दिले. त्याच राज्याचे दुसरे सिनेटर डॅन सलिव्हन यांनी बाजूने दिले. २४ जुलै रोजी कायदा झाला. १ ऑगस्टला महामंडळाने आपले काम गुंडाळण्याची घोषणा केली, आणि जानेवारी २०२६ मध्ये त्याच्या संचालकांनी विसर्जनाचा ठराव केला. १९६७ साली लावलेले झाड अशा रीतीने अठ्ठावन्न वर्षांनी मुळासकट उपटण्यात आले.

आता या काटकसरीचा हिशेब पाहावा. महामंडळास वर्षाला मिळणारी रक्कम सुमारे ५३.५ कोटी डॉलर. देशाच्या लोकसंख्येने भागले तर माणशी वर्षाला सुमारे एक डॉलर साठ सेंट, म्हणजे एक पेला कॉफीही न येणारी रक्कम. उलट बेथेलच्या केंद्राच्या उत्पन्नापैकी सुमारे सत्तर टक्के भाग या एकाच झऱ्यातून येत असे. राज्य सरकार मदतीस धावेल अशीही आशा नव्हती, कारण अलास्काचे राज्यपाल माईक डनलेव्ही यांनी सार्वजनिक नभोवाणीचे राज्याचे अनुदान २०१९ सालीच नकाराधिकार वापरून रद्द केले होते. देणाऱ्याच्या खिशातून एक नाणे वाचले आणि घेणाऱ्याच्या घरची चूल विझली. यास जे अर्थशास्त्र म्हणतात त्यांच्या शास्त्राविषयी आम्हांस शंका आहे.

आणि काळ तरी किती थांबला? तीन महिनेही नाही. ऑक्टोबर २०२५ च्या ११ व १२ तारखांस प्रशांत महासागरातील हालोंग या वादळाचे अवशेष नेमके त्याच त्रिभुज प्रदेशावर येऊन आदळले. किपनुक आणि क्विगिलिंगोक या खेड्यांत समुद्र शिरला, घरे पायावरून सुटून माणसांसकट वाहत गेली, जीवितहानी झाली, पंधराशेहून अधिक माणसे बेघर झाली आणि त्यांपैकी शेकडोंना विमानांतून बेथेलला व अँकरेजला हलवावे लागले. त्या दिवसांत लोकांच्या भाषेत व इंग्रजीत सूचना देणारे, कोण कोठे पोहोचले हे सांगणारे केंद्र बेथेलचेच होते. ज्याचे सत्तर टक्के उत्पन्न नाहीसे झालेले होते तेच. ते आपले कर्तव्य करीत राहिले हा त्यांचा मोठेपणा. पण सेवकाच्या मोठेपणाने धन्याचा करंटेपणा झाकला जात नाही.

या निर्णयाच्या समर्थकांचे आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. पहिला आक्षेप असा की, आता घरोघरी इंटरनेट आले, खिशाखिशात दूरध्वनी आला. नभोवाणीचे युग संपले. हे बोलणाऱ्याने उत्तर अलास्काचा नकाशा पाहावा. जून २०२३ मध्ये आर्क्टिक समुद्राच्या तळाशी टाकलेली इंटरनेटची तार समुद्राच्या बर्फाने तोडली, आणि उत्तर व पश्चिम किनाऱ्यावरील नोम, कॉट्झब्यू, उत्कियाग्विक यांसारख्या गावांचे दळणवळण सप्टेंबरपर्यंत विस्कळीत राहिले. जानेवारी २०२५ मध्ये तीच तार पुन्हा तुटली, आणि या वेळी तर हिवाळ्याचे बर्फ हटेपर्यंत दुरुस्तीचे जहाज तेथे जाणेही अशक्य होते. साध्या बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओस अशा तारेची गरज नसते. नवे साधन आले म्हणून जुने फेकून देण्यापूर्वी नवे साधन संकटसमयी उभे राहते काय, एवढी तरी परीक्षा घ्यावी. घरात विजेचे दिवे आले म्हणून आपण समई मोडीत काढीत नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा: ज्याला ऐकायचे त्याने पैसे द्यावेत, नाही तर जाहिरातींवर चालवावे. साडेसहा हजार वस्तीच्या गावात आणि सडक नसलेल्या पन्नास खेड्यांत कोण जाहिरात देणार, आणि कशाची? तेथे विक्रीस येणारी प्रत्येक वस्तू विमानाच्या भाड्याने आधीच महाग झालेली, दुकाने मोजकी, स्पर्धा नाही. ज्या भाषेचे बोलणारे सुमारे दहा हजार, त्या भाषेत साबणाची जाहिरात करणे कोणत्याही व्यापाऱ्यास परवडणार नाही. व्यापाऱ्यास आम्ही दोष देत नाही. तराजू हा त्याचा धर्मच आहे. दोष त्यांचा, जे राज्याच्या हातात तराजू देतात आणि त्यास राजधर्म म्हणतात.

तिसरा आक्षेप आमच्या देवस्थानांच्या वाचकांस सहज पटेल असा आहे, म्हणून त्याचा विचार अधिक काळजीपूर्वक करावयास हवा. देवळे लोकांच्या दानावर चालतात, मग केंद्रे का चालू नयेत? नोम येथील 'के-एन-ओ-एम' हे केंद्र १९७१ साली कॅथलिक मिशनने सुरू केले आणि दूरदूरच्या भाविकांच्या देणग्यांवर ते चालत आले, हे खरे. आम्ही त्या निष्ठेस वंदन करतो. २०२५ मध्ये काही प्रतिष्ठानांनी बुडत्या केंद्रांसाठी तात्पुरता निधी उभारला, तेही स्तुत्य. परंतु दानावर काय चालते याचा अनुभव आपल्यापेक्षा अधिक कोणास असणार? उत्सवाला वर्गणी जमते, कळसाला सोने मिळते. रोजच्या तेलवातीला आणि वाजंत्र्याच्या पोटाला मात्र दाता शोधावा लागतो. हे जाणूनच आपल्या पूर्वजांच्या गावकरीने ती कामे दात्याच्या लहरीवर सोडली नाहीत. देवळाच्या सेवेकऱ्यांस नमशीच्या जमिनी लावून दिल्या. पहाटेचा चौघडा किती माणसे ऐकतात हे मोजून त्या जमिनी दिल्या नव्हत्या. जे नित्य चालले पाहिजे त्यास नित्य उत्पन्न हवे, हा व्यवहार आहे. रोजचे हवामान, रोजची नदी, रोजची भाषा ही नित्यकर्मे आहेत. नैमित्तिक दानाने ती चालणार नाहीत.

आणि याहूनही मोठे कारण हे की, हा विषय दानाचा नाहीच. १८६७ साली अमेरिकेने रशियाकडून हा सारा मुलूख ७२ लक्ष डॉलरांस विकत घेतला, तेव्हा तेथे हजारो वर्षे राहणाऱ्यांस कोणी विचारले नाही. १८८५ मध्ये शेल्डन जॅक्सन नावाच्या मिशनऱ्याची सरकारने अलास्काच्या शिक्षणाचा अधिकारी म्हणून नेमणूक केली, आणि सरकारी शाळांत इंग्रजीवाचून दुसरी भाषा नको हे धोरण रुजले. आईची भाषा बोलली म्हणून मुलांस शिक्षा झाल्या. कस्कोक्विमकाठी मोरेव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांनी युपिक भाषेला उपासनेत स्थान दिले, आणि युपिक आज अधिक टिकून राहण्याच्या कारणांत त्याचीही गणना करावी लागेल. तेवढे श्रेय त्यांना देणे न्यायाचे आहे. पण इतर अनेक भाषांच्या वाट्यास तेही भाग्य आले नाही. एयाक भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती, मेरी स्मिथ जोन्स, २१ जानेवारी २००८ रोजी मरण पावली, आणि एका भाषेचे बोलणे जगातून उठले. २०१४ मध्ये अलास्काने वीस देशी भाषांस राज्यभाषांचा दर्जा दिला. २०१८ मध्ये राज्यपाल बिल वॉकर यांनी या भाषांच्या बाबतीत आणीबाणीची स्थिती असल्याचे आदेशाने जाहीर केले.

हा क्रम नीट पाहावा. सर्वांच्या पैशाने शाळा चालविल्या, त्या शाळांनी लोकांच्या जिभा बांधल्या. मग सर्वांच्याच पैशातून त्या जिभा सोडविण्यासाठी दोन घटका रोज आवाज दिला, तर तो उपकार कसा? आपल्या शास्त्रांनी मनुष्य जन्मतः ऋणी आहे असे सांगितले. राज्येही ऋणी असतात. गोमंतकातील वाचकांस हे अधिक सांगावयास नको. १६८४ साली पोर्तुगीज विजरईने फर्मान काढून तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा केली होती. ज्या भाषेवर असे फर्मान निघाले होते ती आज या अंकाच्या निम्म्या पानांवर उभी आहे. ती फर्मानाच्या कृपेने उरली नाही, घरांतील बायकांच्या ओव्यांनी आणि देवळांतील आरत्यांनी उरली. परंतु सर्वच भाषांस तेवढे बळ आणि तेवढी लोकसंख्या नसते. ज्याने फर्मान काढले त्यानेच जखमेवर औषध लावण्याचा खर्च सोसला पाहिजे, हा न्याय अलास्कासही लागू आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: सरकारचा पैसा म्हणजे सरकारचा आवाज. यास हसून उडविता येणार नाही. १९४६ साली सुरू झालेले एमिसोरा द गोवा हे केंद्र कोणाचा आवाज होते, हे आपण विसरलो नाही. आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सरहद्दीवरच्या जंगलात राहून मुक्तीचा आवाज १९६१ पर्यंत चालविला, तो याच कारणासाठी. १९७५ च्या आणीबाणीत आमच्याच आकाशवाणीचा आवाज कसा झाला होता, हेही स्मरणात आहे. पण अमेरिकेच्या कायद्याने या रोगावर उपाय योजला होता. पैसा सरकारचा, वाटप महामंडळाचे, कार्यक्रम स्थानिकांचे. आणि त्यावर कडी म्हणजे निधी दोन वर्षे आगाऊ मंजूर करण्याची पद्धत, ज्यायोगे आज रागावलेला राज्यकर्ता उद्याचे अन्न तोडू शकणार नाही. २०२५ मध्ये परत घेतला गेला तो नेमका हा आगाऊ मंजूर झालेला निधी. म्हणजे केवळ पैसा गेला नाही. शब्दही गेला आणि पैसा व लहर यांच्यामध्ये बांधलेली भिंतही गेली. राजधानीतील कार्यक्रमांत पक्षपात होता असे क्षणभर मानले तरी युपिक भाषेत बर्फाची जाडी सांगणाऱ्याने कोणता पक्ष घेतला होता? राग एकावर, शिक्षा दुसऱ्यास. यास न्याय म्हणत नाहीत.

आमच्या घराकडे वळून दोन शब्द बोलल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. संसदेने १९९० साली केलेल्या प्रसार भारती कायद्यात, निरनिराळ्या प्रदेशांच्या भाषा व संस्कृती यांना पुरेसे स्थान द्यावे, आणि ग्रामीण, दुर्बल, सीमावर्ती, मागास व दुर्गम भागांतील लोकांच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावे, असे कर्तव्य लिहून ठेवले आहे. शब्द उत्तम आहेत. अलास्काचा धडा असा की, उत्तम शब्द अठ्ठावन्न वर्षे टिकूनही एका आठवड्यात पुसता येतात. कोकणीत अथवा मराठीत चालणारा एखादा स्थानिक कार्यक्रम आखूड झाला, एखादे लहान केंद्र मोठ्या केंद्राचे नुसते पडसाद पाठवू लागले, वयोवृद्ध कीर्तनकारांच्या व भजनी मंडळांच्या फिती कोठे तरी ओलीत पडून राहिल्या, तर आपण 'आता कोण ऐकतो' म्हणून स्वस्थ राहतो. हे वाक्य फार धोक्याचे आहे. प्रत्येक लहान भाषेच्या मरणाची सुरुवात परक्याच्या हल्ल्याने होतेच असे नाही. 'आता कोण ऐकतो' या घरच्या वाक्याने मात्र ती अनेकदा होते.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने अलास्कासारख्या दुर्गम प्रदेशांतील आदिवासी व ग्रामीण केंद्रांचा निधी, इतर वादांपासून वेगळा काढून, कायद्याने बांधून पुन्हा सुरू करावा. तो देताना उपकाराची भाषा वापरू नये, कारण ते देणे आहे. आणि आमच्या देवस्थान-समित्यांनी, वाचनालयांनी व मंडळांनी आपापल्या भागातील आकाशवाणी केंद्र आपल्या भाषांसाठी रोज किती वेळ देते याची नोंद ठेवावी. कमी झाल्यास कायद्याचे ते कलम उद्धृत करून लेखी जाब विचारावा. आणि आपल्या देवळांत, आपल्या वृद्धांच्या कंठांत जे आहे त्याचे ध्वनिमुद्रण केंद्रास सुपूर्द करून पोच घ्यावी. बेथेलची माणसे उत्पन्न गेल्यावरही ध्वनिक्षेपकासमोर बसून आहेत. त्यांचे वादळ त्यांच्या दारात येऊन गेले. आपले अजून यावयाचे आहे, एवढाच काय तो फरक. आणि या फरकाचा उपयोग करून घेणे आपल्या हाती आहे.